धोतऱ्याला ‘डॅटुरा’ म्हणणाऱ्यांस

प्रश्न असा आला आहे: कॅलिफोर्नियातल्या चुमाश या मूळनिवासी लोकांच्या झाडपाल्याविषयी मराठीत लिहिताना त्यांच्या ‘मोमोय’ या गुंगी आणणाऱ्या झाडाला आणि ‘चिया’ या खायच्या बियांना काय म्हणावं? एका लेखात मोमोयला “डॅटुरा नावाची जडीबुटी” म्हटलेलं वाचलं, ते बरोबर का?

नाही. ‘जडीबुटी’ हिंदीतून उचललेली, पण ते एक वेळ चालवून घेऊ. ‘डॅटुरा’ मात्र डोक्यात जातो. अहो, तो आपला धोतरा! महादेवाला वाहता तोच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याच्यावर एक स्वतंत्र संवाद आहे आणि त्यात मालकिणीला धोतरा चारून दागिने लांबवणारी मोलकरीणही आहे. शब्द पोर्तुगीजांबरोबर युरोपात गेला, 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्यावर लॅटिनचा शिक्का मारला, आणि आता तो कोट-टोपी घालून घरी परतला तर आपणच त्याला ओळख देत नाही! मालिबू ते सॅन लुइस ओबिस्पो या किनारपट्टीवरच्या चुमाशांचा मोमोय ही जात वेगळी, पण कुळी तीच. ‘कॅलिफोर्नियाचा धोतरा’ लिहा आणि मोकळे व्हा.

आता खरी गंमत. आपले कोश ‘धोतरा < सं. धत्तूर’ एवढं लिहून हात झटकतात. मग हिंदीत ‘धतूरा’ आणि आपल्याकडेच ‘ओ’ कुठून आला? कळीच्या निऱ्या पाहून लोकांना धोतर आठवलं, असं सांगणारे भेटतात. हसून सोडून द्या. संस्कृतात ‘धुस्तूर’ असंही रूप आहे, आणि अमरकोशातली ओळ पाहा: “उन्मत्तः कितवो धूर्तो धत्तूरः कनकाह्वयः”. वेडा, जुगारी, धूर्त! धूर्तचं प्राकृत ‘धुत्त’. दारू पिऊन माणूस ‘धुत्त’ होतो तो आपला शब्दही मी याच घरातला मानतो. धूर्त, धुत्त, धोतरा ही सख्खी भावंडं आहेत, असं माझं वीस वर्षांचं मत आहे. व्याकरणवाले मित्र मान हलवतात, हलवू देत. वाटसरूला धोतरा चारून लुटणाऱ्यांच्या मुलखात विषाचं नाव ठकावरून पडणार नाही तर कशावरून पडणार?

त्याच कोशात पुढे धोतऱ्याला ‘मातुल’ म्हटलंय. म्हणजे मामा! आणि फळाला ‘मातुलपुत्रक’, म्हणजे मामेभाऊ. चुमाशांकडे मोमोय ही कथांमधली म्हातारी आहे, नातवाला वाढवणारी आजी. तिनं हात धुतलेलं पाणी जो पिईल तो निपचित पडतो आणि त्याला पुढचं दिसतं. मेक्सिकोच्या नाहुआतल भाषेत नाव ‘तोलोआत्झिन’, खाली मान घातलेले साहेब. ‘त्झिन’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय. (बोंड खाली लोंबतं, म्हणून.) कुठे मामा, कुठे आजी, कुठे साहेब. या झाडाला एकेरीत हाक मारायची कुणाची छाती झालेली नाही.

चुमाशांचा वापरही तसाच, दबकून. मुळी कुटून पाण्यात भिजवायची आणि वयात आलेल्या मुलामुलींना जाणत्या माणसाच्या नजरेखाली द्यायची, स्वप्नात पाठीराखा भेटावा म्हणून. त्या पाठीराख्याला ते ‘अतिश्विन’ म्हणत. फर्नांडो लिब्राडो, मारिया सोलारेस अशा जुन्या माणसांपाशी बसून हॅरिंग्टन नावाच्या भाषावेड्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी वह्या भरल्या, म्हणून हे आज आपल्याला ठाऊक. आणि हो, मामा-मोमोय, अश्विन-अतिश्विन असं जोडून चुमाश मूळचे आपलेच, हा संदेश फिरवू नका. मला तो येतोच, आणि मी तो लगेच पुसतो.

उलट बाजूची घाईही नको. 1991 साली सायमन आणि हेगी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी धोतऱ्याचं अख्खं घराणं अमेरिकेचं ठरवलं. घराण्याबद्दल माझी ना नाही. पण म्हणून तो कोलंबसानंतरच इकडे आला म्हणायचं, तर अमरकोश रचणाऱ्या अमरसिंहानं काय स्वप्नात पाहून श्लोक रचला? गीता आणि घरैबेह या संशोधकांनी 2007 साली जुन्या संस्कृत ग्रंथांचेच दाखले देऊन धोतरा कोलंबसाच्या आधीपासून इथे होता असं मांडलं. वनस्पतिशास्त्राच्या भांडणात कोश साक्षीला उभा राहिलेला पाहून मला जे सुख झालं, ते काय सांगू!

चिया राहिलाच. चुमाशांचा चिया म्हणजे साल्व्हिया कोलंबारी, त्यांच्या भाषेत ‘इलेपेश’. पसरट टोपलीत बी आणि निखारे एकत्र घोळवून भाजत, मग दळून पाण्यात कालवत. शब्द नाहुआतलचा, मराठीत ‘चिया’च ठेवा. सब्जा लिहू नका, सब्जा तुळशीच्या जातीचा. दोघांचं लांबचं नातं आहे आणि दोन्ही बिया पाण्यात फुगून बुळबुळीत होतात, पण झाडं वेगळी.