कॉलेज सोडलं, पण कागदावर सोडलं का?

प्रश्न : मी विट्याजवळच्या गावातला. जुलैमध्ये सांगलीत बी.एस्सी. संगणकशास्त्राला विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेतला, 22,000 रुपये भरले. वडिलांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. सप्टेंबरमध्ये कराडला ॲग्रीला नंबर लागला आणि मी इकडे आलो. सांगलीला तेव्हापासून गेलोच नाही. आता वडील फी मागायला गेले तर ‘मुदत संपली, एक रुपया मिळणार नाही’ असं सांगितलं. माझ्या मूळ मार्कलिस्ट आणि दाखलाही तिथेच आहे. इकडे हमीपत्रावर दिवस ढकलतोय. काय करू?
– एक विद्यार्थी, ता. खानापूर, 14 ऑक्टोबर 2024

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुला फोन केला, कारण अंक निघेपर्यंत तुझी तारीख निघून गेली असती. तुझ्यासारखी पोरं दर वर्षी असतात, म्हणून तेच आता इथे सविस्तर लिहितो.

मी सांगलीत कॉलेजच्या ऑफिसात प्रवेश आणि फीचं टेबल सांभाळून निवृत्त झालो. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळली : वर्गात जाणं बंद केलं म्हणजे प्रवेश रद्द होत नाही. ऑफिसला तू कधी ठरवलंस, कधी बॅग उचलून कराडला गेलास, यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त तुझ्या लेखी अर्जावरची आवक तारीख दिसते, आणि फी किती परत मिळणार ते तिच्यावरच ठरतं. वडील तोंडी विचारून आले, त्याची कुठेच नोंद नाही.

आता पैशाचं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2024-25 साठी स्पष्ट सांगितलंय : 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि 31 ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी परत. म्हणजे तुझे 21,000 तुला मिळायलाच हवेत. एरवी यूजीसीच्याच 2018 च्या अधिसूचनेतले टप्पे असतात. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 30 दिवसांत 50 टक्के, त्यापुढे शून्य. अनामत रक्कम यात धरत नाहीत, ती पूर्ण परत मिळते. अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावेत, असंही त्याच अधिसूचनेत आहे. शेवटची तारीख कोणती, हे सूचनाफलकावर वाचा. मुदतवाढ मिळाली असेल तर टप्पेही पुढे सरकतात, आणि हे काउंटरवरून आपणहून कोणी सांगत नाही.

मूळ कागदपत्रांबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. मार्कलिस्ट, दाखला तपासायचे आणि विद्यार्थ्याला तिथल्या तिथे परत द्यायचे, असा नियम 2018 च्या त्याच अधिसूचनेतही आहे. पोरगं सोडून जाऊ नये म्हणून त्याचे कागद कपाटात कोंडून ठेवणं हा अन्याय आहे. दाखल्यावाचून तुझा कराडचा प्रवेशही लटकतो. एका जागेसाठी दोन्हीकडचं वर्ष जायची पाळी येते.

म्हणून अर्ज प्राचार्यांच्या नावे लिही. प्रवेश रद्द करणे, फी परतावा आणि मूळ कागदपत्रं, तिन्ही मागण्या एकाच अर्जात घाल. फीची पावती, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोड. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. घेतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठव, कॉलेजच्या मेलवरही टाक. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सांगलीतून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला असशील तर तोही रद्द करून घे, नाहीतर कराडला अडचण येते. एवढं करूनही नाही म्हणाले, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर विद्यापीठाचे लोकपाल आहेत, यूजीसीचं ई-समाधान हे तक्रारीचं पोर्टलही आहे.

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरची अडचण आहे, तिला आत्ताच कॉलेज सोडायचंय. सोडू द्यावं का?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, शक्य असेल तर दुसऱ्या सत्राची परीक्षा होईपर्यंत तिला थांबवा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट (श्रेयांक) आणि त्यावर 4 क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. मिळालेली क्रेडिट तिच्या एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिटच्या बँकेत, 7 वर्षांपर्यंत राहतात. मात्र परत यायचं तर 3 वर्षांच्या आत यावं लागतं आणि पदवी 7 वर्षांत पूर्ण करावी लागते. सत्राच्या मध्येच सोडलं तर त्या सत्राचं काहीच जमा होत नाही. थांबणं अगदीच जमणार नसेल, तर निदान पहिल्या सत्राचे विषय सुटलेत ना आणि ती क्रेडिट त्या खात्यात दिसतात ना, एवढं डिजिलॉकरवर बघून घ्या. आणि सोडताना तिनेही लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.