जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून रोजच्या वापराला लिनक्स चालेल का?
चालेल, नक्की चालेल. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमचा ऐरोलीतल्या घरचा लॅपटॉप भंगारातच गेला असता, पण मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स सिस्टीमचा एक मोफत प्रकार) टाकलं आणि आई आता त्यावरच यूट्यूब, लाइट बिल सगळं करते. फक्त आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रिंटर चालतंय का ते कळतं. आमचं वायफाय दिसतच नव्हतं, मग मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, झालं. टॅली किंवा एमएस ऑफिसवर पोट असेल तर मात्र विंडोज उडवू नका, ड्युअल बूट ठेवा, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही, सुरू करताना हवं ते निवडायचं. आणि फोटोंचा बॅकअप आधी घ्या, प्लीज.