(√७५ − √१२)(√२७ + √८) सोडवताना वर्गमूळं आधी सोपी करायची की कंस सोडवल्यावर?

तू नववीत आहेस, √२०२५ + √६०० − √३२४ − √९६ इथपर्यंत आलास आणि पुस्तकातलं उत्तर २७ + ६√६ आहे, मग चुकलं कुठं, असं विचारलंयस. चुकलेलं काही नाही. चारही गुणाकार बरोबर आहेत, गणित फक्त अर्ध्यात थांबलंय.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो. करणींच्या, म्हणजे √३, √६ अशा पूर्ण न निघणाऱ्या मुळांच्या धड्यात माझा आग्रह एकच असतो: कंसाला हात लावायच्या आधी प्रत्येक वर्गमूळाच्या पोटात पूर्ण वर्ग संख्या आहे का ते बघा.

√७५ म्हणजे √(२५ × ३), म्हणजे ५√३. √१२ म्हणजे २√३. पहिला कंस ५√३ − २√३, थेट ३√३. दोन पदांचा कंस एका पदाचा झाला! दुसऱ्यात √२७ = ३√३ आणि √८ = २√२. आता ३√३(३√३ + २√२) = २७ + ६√६. चाराच्या जागी दोनच गुणाकार, तेही तोंडी.

तुझ्या वाटेनंही तिथंच पोचतोस. √२०२५ = ४५, √३२४ = १८, √६०० = १०√६, √९६ = ४√६. पण √९६ चे ४ × २४ पाडून २√२४ वर थांबलास, तर ती १०√६ ची सरूप करणी आहे, म्हणजे दोन्हींत आत तोच ६ आहे, हे दिसतच नाही आणि वजाबाकी अडून बसते. सगळ्यात मोठा वर्ग काढायचा, १६ × ६. सुचला नाही तर मूळ अवयव पाड: २ × २ × २ × २ × २ × ३. प्रत्येक जोडीतला एक बाहेर, एकटे राहिलेले आत.

वहीत लिहिताना वर्गमूळाची आडवी रेघ पूर्ण ओढ. √१२ × २७ असं लिहून रेघ १२ वरच संपली, की पुढच्या ओळीत २७ वर्गमूळाच्या बाहेरचा समजला जातो. अशा वह्या मी रोज तपासतो.

आणि गुणाकारात दोन वर्गमूळं एका रेघेखाली घेता येतात, बेरजेत ते चालत नाही. √९ + √१६ = ७, पण √२५ = ५. म्हणून (√५ + √२)² म्हणजे ७ नव्हे, ७ + २√१०. हे मधलं पद फार मोलाचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात करणींची बेरीज त्याच्यावरच बसवली. त्यांचंच उदाहरण २ आणि ८ चं: बेरीज १०, गुणाकार १६, त्याचं मूळ ४, दुप्पट ८, एकूण १८. म्हणून √२ + √८ = √१८. आपल्या रीतीनं √२ + २√२ = ३√२, तेच.

कधी आधी सोपं करण्यासारखं काहीच नसतं. (√६ + √२)(√३ − १) घे. इथं कंस सोडवल्यावर √१८ तयार होतो, म्हणजे शेवटी पुन्हा एकदा वर्ग शोधावा लागतो. करून बघ, २√२ यायला हवं. नाही आलं तर तुझ्या पायऱ्या इथं लिही, मी बघतो.