सहल बोटीची आहे, पाठवू का?

"मॅडम, सातवीची सहल घारापुरीला चाललीय. वेदांत कित्येक रात्री नीट झोपलेला नाही. संमतीपत्रावर सही करू की नको? नाही केली तर सगळ्या वर्गात हा एकटाच मागे राहणार. आणि केली तर..." वेदांतच्या आईचं वाक्य तिथंच अडलं. (नाव अर्थातच बदललंय.)

मी शाळेची समुपदेशक. बोटीची सहल निघाली की असे फोन येतातच, पण डिसेंबर २०२४ नंतर त्यांचा सूर बदललाय. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी (एलिफंटा) बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्याचे व्हिडिओ अजून मोबाइलवर फिरतात. वेदांतनं ते पुन्हा पुन्हा पाहिले होते. घरात त्याला एकच उत्तर मिळत होतं, "काही होत नाही रे, रोज एवढी माणसं जातात." आता, काहीतरी झालेलं ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला हे कसं पटावं? असं मूल मग बोलायचंच थांबतं आणि आपण समजतो, भीती गेली.

मी त्याला सहल तोंडी करायला सांगितली. शाळेतून निघालास, पुढे काय? पोटात गोळा येईल तिथं थांबायचं. बस, गेटवे, रांग, बोटीत चढणं, इथपर्यंत गडी सुसाट. थांबला तो भर पाण्यात. "तिथं चारी बाजूंनी पाणीच असणार ना बाई? काही झालं तर कोणाला दिसणारपण नाही." बुडण्याची भीती होतीच, पण मदतीला कोणी येणारच नाही ही भीती त्याहून मोठी होती.

मग नकाशा काढला. ही बोट खुल्या समुद्रात जातच नाही, बंदराच्या आतूनच जाते. गेटवेपासून घारापुरी साधारण दहा-अकरा किलोमीटर, तासाभराचा रस्ता. मागे ताज आणि कुलाबा, वाटेत तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन, मध्ये नांगरलेली जहाजं, हवा स्वच्छ असली तर उत्तरेला अटल सेतू. जमीन कुठल्या ना कुठल्या बाजूला दिसतच राहते. या खुणा त्यानं ओळीनं वहीत उतरवल्या. अपघाताचं मी काही लपवलं नाही. त्या दिवशी अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, हे सांगितलं. आसपासच्या बोटी लगेच धावून आल्या आणि बोटीवरचे बहुतेक लोक वाचले, हेही सांगितलं. व्हिडिओत धक्का दिसतो, नंतरचं फारसं कोणी पाहत नाही. त्यानंतर त्या मार्गावर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं.

वर्गाची तयारी वर्गशिक्षिका आणि पी. टी.च्या सरांनी मनावर घेतली. सरांनी ओळखीतून दोन जॅकेट आणली. जॅकेट घालून पट्टे आवळायचे आणि जोडीदारानं खांद्याला धरून वर ओढायचं. ते कानाशी आलं तर ढिलं आहे. मुलांनी यात भरपूर दंगा केला, आणि मला तो हवाच होता. मग हॉलमध्ये खडूनं बोट आखली. गेटवेला बोटी एकमेकींना लावून उभ्या असतात, एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. मुलं धडपडतात ती तिथंच. म्हणून एका वेळी एकच जण, हात मोकळे, सॅक पाठीवर, मोबाइल सॅकमध्ये. मोजणी प्रत्येकानं आपला नंबर ओरडून. उलटीची भीती असलेल्यांना उपाशीपोटी यायचं नाही, तेलकट खाऊन यायचं नाही, धुरापासून लांब मधल्या बाकावर बसायचं आणि नजर दूर किनाऱ्यावर ठेवायची, असं सांगितलं. दुपारी वारा उठतो, त्यामुळे परतताना बोट जास्त हलते, हेही आधीच सांगून टाकलं. अंदाज असला की तेच हलणं मुलांना तितकं घाबरवत नाही.

एक गोष्ट मी शाळेकडून हट्टानं मान्य करून घेतली. गेटवेपर्यंत सगळ्यांनी यायचं. तिथं ज्याचा पाय उचलणार नाही त्यानं एका शिक्षिकेबरोबर चालत जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जायचं. अशानं अर्धा वर्ग तिकडेच वळेल, असं शिक्षकखोलीत म्हणून झालं. तसं काही झालं नाही. सुटायची वाट माहीत असली की बहुतेक मुलं ती वापरत नाहीत.

राहिली आई. ती स्वतः कधी बोटीत बसलीच नव्हती, हे दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. कुटुंब अंधेरीचं. म्हटलं, रविवारी दोघं वर्सोव्याहून मढला फेरीबोटीनं जाऊन या, चार-पाच मिनिटांची तर खाडी. त्याला "घाबरू नकोस" म्हणू नका. "मलाही भीती वाटतेय, म्हणून मी दांडा धरलाय" म्हणा. त्या गेल्या, आणि परतताना वेदांतनंच आईला हात दिला म्हणे. सही त्याच संध्याकाळी झाली.

सहलीला तो गेला. येताना बोट हलायला लागली तेव्हा रडला, जोडीदाराचा हात घट्ट धरून बसला, आणि वहीतल्या खुणा उलट्या क्रमानं म्हणत राहिला. आईला हे ऐकून वाईट वाटलं. मला नाही वाटलं. रडत का होईना, पूर्ण तास काढला की त्यानं. झोप आठवडाभरात रुळावर आली. ती महिनाभर आली नसती किंवा तो पाण्याच्या बादलीलाही बिचकू लागला असता, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

त्याच वर्गातली एक मुलगी मात्र गेटवेवरून मागे फिरली आणि संग्रहालयात गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, "आमची भित्रीच राहणार का?" मी विचारलं, तिनं तिथं काय पाहिलं ते विचारलंत का? विचारलं नव्हतं. वर्गशिक्षिकेनं तिला संग्रहालयातल्या मूर्तींवर वर्गात बोलायला सांगितलं होतं, म्हणून कोणी चिडवलं नाही. तिच्यासाठी मे महिन्यात मार्वे-मनोरीची छोटी फेरी ठरली आहे, वडिलांसोबत.