नदीकाठच्या शेताचं कुरण करताना कुठलं बी टाकू?

तुम्ही इंग्लंडमध्ये थेम्सकाठचं मक्याचं शेत घेतलंय आणि जुन्या पद्धतीचं फुलांचं कुरण करायचं म्हणून कुठलं बी टाकू असं विचारलंय. बी नंतर हो, आधी माती तपासून घ्या, त्यात स्फुरद (फॉस्फरस, खतातलं एक मुख्य अन्नद्रव्य) किती निघतो ते बघा. मी ऑक्सफर्डजवळ राहतो आणि दर जुलैत इथल्या कुरणांवर व्हॉलंटियर म्हणून जातो, तिथे पहिला प्रश्न हाच असतो.

मळीची जमीन म्हणजे सोनं, तिला खत घाला, हेच ऐकत मी वाढलो, त्यामुळे इथलं गणित पचायला मला वेळ लागला. खत खाऊन माजलेल्या शेतात दोन-तीन दांडगी गवतं वाढतात आणि फुलझाडं गुदमरतात, म्हणून जमीन मुद्दाम भुकेली ठेवायची. खत बंद, आणि दरवर्षी जुलैत गवत कापून, वाळवून शेताबाहेर न्यायचंच, जागेवर कुजू दिलं तर सगळं परत मातीत जातं. पूर गाळाबरोबर स्फुरद आणतो, कापणी तो काढून नेते, शेकडो वर्षं असंच चाललं. मग लॅमस या जुन्या सणाच्या सुमाराला, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, गुरं सोडायची, त्यांच्या खुरांनी माती उकरली जाते आणि बी रुजायला जागा होते.

बियांसाठी जवळचं जुनं कुरण शोधा. ऑक्सफर्डशायरमधल्या चिमनी मेडोज या राखीव कुरणांच्या जागी नांगरटीच्या शेतांवर शेजारच्या कुरणाचं ताजं कापलेलं हिरवं गवत पसरलं, बी त्यातूनच आलं. फक्त ते त्याच दिवशी पसरा, ट्रेलरमध्ये काही तास राहिलं तरी आत हात घातला की गरम लागतं आणि मग बी खराब होतं. त्यात यलो रॅटल नावाचं पिवळ्या फुलांचं रानझाड असेल तर फारच छान, जुलैत त्याच्या सुकलेल्या बोंडांतून चाललं की अगदी खुळखुळा वाजतो! त्याची मुळं गवताच्या मुळांतून रस ओढतात म्हणून गवत खुजं राहतं. वेगळं पेरणार असाल तर ताजं बी घ्या आणि हिवाळ्याआधी टाका, थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही.

आणि पाणी. पूर यावा पण उतरावाही. क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोत फ्रिटिलरीची जांभळी चौकड्यांची फुलं येतात, पण पाणी फार दिवस तुंबलं त्या वर्षांत ती खूप कमी दिसली. तुमच्या शेतातले जुने चर बुजलेत का बघा.

मातीचा रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, पूर उतरायला किती दिवस लागतात तेही लिहा, मग बियांचं बोलू.