काकू मध्ये आल्या नव्हत्या

प्रिय सायकलवाल्या,

अनेक आशीर्वाद.

उतरणीवर सायकलनं काकूंना धडकून पडलास तो तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. कोपराला 5 टाके म्हणजे स्वस्तात सुटलास. गुडघा आठवडाभर कुरकुरेल. पण तुझं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘काकू अचानक मध्ये आल्या.’

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची ती उतरण माझ्या पायाखालची आहे. वळणावर ग्लिरिसिडियाच्या झाडांची दाटी, त्यामुळे पुढची वाट जेमतेम 7 मीटर दिसते. आता जरा गणित कर. तू 30 च्या स्पीडला होतास असं तूच लिहिलंयस, आणि तेही जरा कॉलर ताठ करून. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 8 मीटरहून थोडं जास्त. माणूस दिसला, डोक्यात शिरलं, बोटं ब्रेकवर आवळली, यात एक सेकंद तरी जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 8 मीटर संपले. पुढे उतारावरच्या सुट्या मुरमात थांबायला आणखी 10-12. एकूण 20 च्या घरात. दिसत होते 7. मधले 13 मीटर तू कोणाच्या भरवशावर चालवत होतास? तेच 15 च्या स्पीडला सगळं मिळून 7 मीटरमध्ये बसतं, कारण वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पावपट होतं. काकू त्या वाटेनं रोज जातात. अचानक तू आलास.

रागावू नकोस. माझं स्वतःचं प्रकरण याहून वाईट आहे. पावसाळ्याआधी टेकडीवर पाणी जिरवायला सलग समतल चर खणतात, तुला माहीत आहे. आदल्या रविवारी मोकळी असलेली एक उतरण मी पुढच्या रविवारी डोळे झाकून घेतली, आणि मधोमध गुडघाभर खोल ताजा चर. पुढचं चाक आत, मी पलीकडे, डाव्या कॉलरबोनचे दोन तुकडे. हात गळ्यात बांधून घरी बसलो तेवढे दिवस खणणाऱ्यांना शिव्या घातल्या. बोर्ड का नाही लावला, दोरी का नाही बांधली, कोणावर केस करता येईल. शेवटी एक मित्र वर जाऊन फोटो काढून आला. उकरलेल्या लाल मातीचा ढीग वरच्या दगडापासूनच स्पष्ट दिसत होता. मी बघितलाच नव्हता, कारण मी वाट बघत नव्हतो, आदल्या रविवारची आठवण बघत होतो.

तेव्हापासून पहिली फेरी हळू. कितीही ओळखीची वाट असो. रात्रीत बाभळीची फांदी पडते, गुरांच्या पायांनी दगड सुटतात, कोणी तरी भल्या हेतूनं ओघळीत दगडांचा बांध घालतं. पायरीसारखा कातळ आला की मी उतरतो, सायकल आडवी ठेवतो, खाली चालत जाऊन वर बघतो. वरून जी पायरी वाटते ती खालून कधी कधी भिंत निघते. मग जमेल असं वाटलं तर चालवायची, नाही तर खांद्यावर. पोरं हसतात. हसू देत. परदेशातल्या बाइक पार्कमध्ये हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा अशा पाट्या लावून वाट किती अवघड ते सांगतात. आपल्या टेकडीला तिकीट नाही, पाटी नाही, मार्शल नाही. ती पाटी आपली आपणच मनात लावायची असते, आणि तीसुद्धा त्या दिवसाची.

माउंटन बाइकिंगचा, म्हणजे डोंगरवाटांवर सायकल चालवायचा, हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत वाढला. 1976 मध्ये तिथं उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या. जुन्या जाडजूड सायकली, मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, ब्रेक. एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली गेल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. त्याच मरिनमध्ये चालणारे आणि सायकलवाले यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं झाली, तमाल्पाइस डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद राहिल्या, आणि रुंद वाटांवर ताशी 15 मैलांची, म्हणजे 24 किलोमीटरची मर्यादा आली. आंधळ्या वळणावर 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर, सावकाश धावण्याचा वेग. आपल्या टेकडीवर पहाटे चालणारी माणसं आपल्यापेक्षा किती तरी जास्त आहेत, ती आपल्याआधीपासून येतात आणि टेकडी वाचवायला रस्त्यावरही तीच उतरतात. उद्या त्यांनी ‘सायकली नकोत’ म्हटलं तर आपल्या बाजूनं कोण बोलणार? तू पाडलेल्या काकू?

‘मी ओरडलो होतो’ असंही तू लिहिलंयस. काय ओरडलास? ‘लेफ्ट! लेफ्ट!’ ना, म्हणजे मी डावीकडून येतोय? निम्मी माणसं ते ऐकून डावीकडेच सरकतात. घंटी लाव. लांबून वाजव, वेग चालण्याइतका आण, ‘काकू, सावकाश, मी थांबतो’ म्हण. मागे अजून कोणी असेल तर ‘मागून दोघं येतायत’ हे सांग, नाही तर ती पहिल्याला वाट देऊन दुसऱ्याच्या पुढ्यात येतात. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. शेळ्या दिसल्या की उतरून उभं राहायचं, कळप फुटला तर गुराख्याची सकाळ जाते. इअरफोन घरी.

सामानाचं थोडक्यात. ते हेल्मेट आता फेक. वरून तडा दिसत नाही म्हणून ठेवू नकोस. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा उसळत नाही, त्याचं काम एका आपटण्यापुरतंच. निघण्याआधी दोन्ही चाकांचे अ‍ॅक्सल घट्ट आहेत का आणि ब्रेक पॅड किती उरलेत एवढं तरी बघ. दुसऱ्याची सायकल घेतलीस तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते सपाटीवर तपास. तुझा फोन नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून बॅगेत ठेव, फोन लॉक असतो.

पावसात टायरला माती चिकटायला लागली की परत फिर. त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथं वाट नाही, ओघळ असते. कातळावरच्या शेवाळाला ब्रेक लावायचा नाही, आधीच वेग मारून सरळ जायचं. ऑक्टोबरात गवत हँडलपर्यंत येतं, त्यात काय दडलंय ते गवतालाच ठाऊक.

आणखी एक. तू पडल्यावर मित्रांनी तुला बखोटीला धरून उभं केलं, ‘काही नाही झालं’ म्हणत पाणी पाजलं. आपल्याकडे माया अशीच असते. पण मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर हलवायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही. कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, उलटी झाली असेल, तर तो सायकल चालवत घरी जात नाही. 108 ला फोन, आणि ‘टेकडीवर’ एवढंच नाही सांगायचं. एक जण खाली गेटशी उभा राहतो.

राहिला तो तिसऱ्या फोटोतला मातीचा रॅम्प. वळण संपल्यावर दहा पावलांवर. छान थापलायस, कडा सुबक आहेत. पण तू टेबलटॉप मारतोस, म्हणजे उडी घेऊन हवेत सायकल आडवी करतोस, हे बघून आठवीतली दोन पोरं गिअर नसलेल्या सायकली घेऊन तुझ्या मागे येतात, हे मी गेल्या महिन्यात पाहिलंय. पुढचा ब्रेक धड लागत नाही त्यांचा. ती पोरं तुझ्या रॅम्पवरून उडतील तेव्हा तू तिथं नसशील.

रविवारी साडेपाचला ये. सायकल नको, चालत जाऊ. घमेलं मी आणतो, फावडं तुझ्याकडे आहेच. सहाच्या सुमारास काकू कुत्र्याला घेऊन त्या वळणाशी पोचतात. काय बोलायचं ते तू ठरव, मी माती भरतो.

तुझा,
काका