ग्रंथप्रदर्शन मांडताना
विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रदर्शनाची जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्याकडे आली असेल, तर 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांची तयारी निदान महिनाभर आधी सुरू करावी. दुर्मीळ ग्रंथ सपाट उघडून ठेवू नयेत, बांधणी उसवते. दोन्ही बाजूंना आधार देऊन ते अर्धवट उघडावेत, प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) आत ठेवावा आणि उघडे पान अधूनमधून बदलावे, कारण प्रकाशाने कागदाची झालेली हानी भरून निघत नाही. शेजारच्या चिठ्ठीवर वर्गांक, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाला विषयानुसार दिलेला क्रमांक, अवश्य लिहावा. पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तक मागता आलेच पाहिजे, नाहीतर प्रदर्शन कशासाठी? कार्यक्रम संपताच सूचनाफलकावरील त्याचा कागद काढावा.